डोळ्याला वीज : आधी पारख, मग विश्वास



मागच्या पंधरवड्यात आमच्याकडे एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव-गाव छापत नाही. त्यांचे वडील आज सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. १९५६ साली नागपूरला आईचा पदर धरून धम्मदीक्षेला गेलेल्या हजारो पोरांपैकी ते एक. घराण्यात पाटीवर पहिले अक्षर त्यांनीच गिरवले. पुढे रेल्वेत चिकटले, इमाने नोकरी केली आणि निवृत्तीनंतर दर वर्षावासात वस्तीच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन त्यांनीच करायचे, असा रिवाजच पडून गेला. गेल्या वर्षावासात ते वाचता वाचता थांबले. ओळीच्या मधोमध धुरकट डाग बसत होता. कडेचे शब्द दिसत, पण ज्या शब्दावर नजर लावावी तोच पुसला जाई. त्यांनी ग्रंथ मिटला, मस्तकाला लावला आणि शेजारच्या मुलाच्या हाती दिला. त्या दिवसापासून ते विहारात मागच्या भिंतीला टेकून बसतात.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, की हा मोतीबिंदू नाही, वयामुळे होणारा पडद्याचा आजार आहे, कोरड्या प्रकारचा आहे, गेलेली नजर परत आणणारे औषध नाही. घर हिरमुसले. तेवढ्यात कोणीतरी एक पत्रक आणून दिले. पापण्यांवर सौम्य करंट, बारा बैठका, चिरफाड नाही, परदेशात चाचण्या चालू असलेले तंत्र, वीस हजार रुपये आगाऊ. आई पाटल्या मोडायला तयार झाल्या आहेत. भगिनी विचारतात, "करावे की करू नये?"

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येईल, पण आम्ही तसे देणार नाही. कारण उद्या दुसरे पत्रक येईल, त्यावर दुसऱ्या यंत्राचे चित्र असेल. म्हणून उत्तरापेक्षा पारख कशी करावी हेच या वेळी समजून घेऊ.

आधी आजार ओळखू. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा लहानसा भाग आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, ही बारीक नजरेची सारी कामे तो एवढासा भाग करतो. म्हातारपणी काहींच्या पीतबिंदूच्या पेशी हळूहळू मरू लागतात. दहांपैकी आठ-नऊ रोग्यांत हा आजार कोरडा असतो, म्हणजे वर्षानुवर्षे सावकाश वाढणारा. उरलेल्यांत तो ओला असतो. त्यात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या फुटव्यासारख्या वाढतात, पाझरतात, आणि काही दिवसांत नजर ढासळू शकते. ओल्या प्रकारावर डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने २००६ च्या सुमारापासून रुळली आहेत, आणि वेळेवर दिली तर ती नजर वाचवतात. कोरड्याच्या शेवटच्या अवस्थेसाठी २०२३ साली अमेरिकेत दोन इंजेक्शनांना परवानगी मिळाली. ती पेशी मरण्याचा वेग कमी करतात, गेलेली नजर परत देत नाहीत. म्हणजे डॉक्टर तुमच्या बाबांना खोटे बोलले नाहीत. आणि जिथे वैद्य प्रामाणिकपणे हात टेकतो, तिथेच पत्रकवाला दार ठोठावतो.

आता विजेकडे वळू. डोळ्याला वीज लावणे ही कल्पनाच वेडगळ आहे, असे समजून हसू नका. आपण प्रकाशाने पाहतो असे म्हणतो, पण पडद्यावर पडलेल्या प्रकाशाचे पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशात रूपांतर करतात आणि तो संदेश मज्जातंतूच्या वाटेने मेंदूत जातो. डोळ्याचा आतला व्यवहार विजेचाच आहे. १७५५ साली फ्रान्समधील शार्ल ल रुआ या वैद्याने एका अंध तरुणाच्या डोक्याभोवती तार गुंडाळून साठवलेली वीज सोडली. तरुणाला ज्योतीसारखा प्रकाश दिसला. मात्र दृष्टी आली नाही. चमक दिसणे आणि दृष्टी येणे या दोन गोष्टी वेगळ्या, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आजच्या काळात डोळ्याला वीज दोन कामांसाठी वापरून पाहिली जाते, आणि पत्रकवाले या दोहोंची मुद्दाम गल्लत करतात. एक वापर खतासारखा. कोमेजलेल्या पेशींना सौम्य प्रवाह द्यायचा, म्हणजे त्या तग धरतील, तरतरी येईल, अशी आशा. जपानमध्ये उंदरांवरील प्रयोगात असे दिसले, की दुखावलेल्या मज्जापेशी अशा प्रवाहाने जास्त दिवस जगल्या. त्यामुळे आशेला काही आधार आहे. दुसरा वापर दिव्यासारखा. मेलेल्या पेशी मेल्याच, पण त्यांच्या मागच्या रांगेतल्या पेशी जिवंत आहेत, तर त्यांना थेट विजेने संदेश द्यायचा. या दोन वापरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यातले पुरावे तुटपुंजे आहेत. दुसऱ्यातला एक पुरावा अलीकडेच भक्कम झाला. तो पुढे सांगतो.

तथागतांनी कालामांना काय सांगितले, ते आपण विहारात ऐकले आहे. परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश आपण देवधर्म आणि अंगारे-धुपारे यांना लावतो. पण यंत्राला, पांढऱ्या कोटाला आणि 'परदेशी तंत्र' या शब्दाला लावायला विसरतो. अंगारा नाकारणारी माणसे करंटच्या डब्याला हात जोडतात, तेव्हा आम्हांला वाईट वाटते.

कोणी म्हणेल, "पारखायचे काय? शेजारच्या काकांनी घेतला करंट, त्यांना फरक पडला." काका खोटे बोलत नसतील. पण फरक पडण्याची कारणे अनेक असतात. या आजारात नजर रोज सारखी नसते. उजेड चांगला, झोप पुरी, तर दोन अक्षरे जास्त दिसतात. तोच तक्ता पुन्हापुन्हा वाचला की सराव होतो. काही माणसे नकळत नजर जराशी बाजूला वळवून पाहायला शिकतात आणि त्यांना खरोखरच जास्त दिसू लागते. शिवाय वीस हजार दिलेला माणूस जिवाच्या आकांताने अक्षर लावतो, आणि तपासणारा दुकानदारच असेल तर तोही "लावा, लावा, बरोबर!" म्हणतो. यात करंटचा वाटा किती, हे कसे कळणार?

कळण्याचा एकच मार्ग आहे, तुलना. या आजाराच्या इतिहासातली दोन उदाहरणे सांगतो.

कोरड्या आजारात पडद्याखाली पिवळसर ठिपके साचतात. लेझरचा हलका मारा केला तर हे ठिपके विरतात, असे डॉक्टरांना दिसले होते. ठिपके गेले म्हणजे आजारही थांबेल, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेत १०५२ माणसांवर याची चाचणी झाली. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर दिला, दुसरा डोळा तसाच ठेवला. पाच वर्षे वाट पाहिली. २००६ साली निकाल छापून आला. लेझर दिलेल्या डोळ्यांपैकी २०.५ टक्के डोळ्यांची नजर तक्त्यावरच्या तीन किंवा अधिक ओळींनी घसरली होती. आणि काहीच न केलेल्या डोळ्यांपैकी? तेही २०.५ टक्केच! दुसरा डोळा तुलनेला नसता, तर बाकीच्या सुमारे ऐंशी टक्क्यांकडे बोट दाखवून लेझरचा जयजयकार झाला असता.

दुसरे उदाहरण रक्त गाळण्याच्या उपचाराचे. रक्त यंत्रातून गाळून परत शरीरात सोडले, की कोरड्या आजाराची नजर सुधारते, असा बोलबाला झाला होता. सुरुवातीचे आकडे उत्साह वाढवणारे होते. मग खरी चाचणी झाली. काहींचे रक्त खरोखर गाळले, काहींना फक्त यंत्राला जोडून गाळण्याचा देखावा केला. कोणाला काय मिळाले हे त्यांना ठाऊक नव्हते. २००६ च्या आरंभी निकाल आला. देखावा केलेल्यांपैकीही अनेकांची नजर सुधारलेली भरली, आणि दोन गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. काही न करताही या आजारात तक्त्यावरचे आकडे सुधारतात, हे त्या चाचणीने शिकवले.

करंटच्या बाबतीत ही तुलना आणखी अवघड आहे. गोळी असेल तर तशीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. करंट मात्र मुंग्यांसारखा जाणवतो, डोळ्यात चमक दिसते. ज्याला काहीच जाणवत नाही तो ओळखतो, की आपण देखाव्याच्या गटात आहोत. म्हणून चांगल्या चाचणीत प्रवाह जाणवणार नाही इतका बारीक ठेवतात, किंवा निरनिराळ्या ताकदीचे गट करतात. आणि नजर मोजणाऱ्या माणसाला कोणता रोगी कोणत्या गटात आहे, हे कळू देत नाहीत. जर्मनीत ट्युबिंगेन येथे अशी एक चाचणी झाली, तिचा निकाल २०११ साली छापून आला. आजार वेगळा होता, रातांधळेपणापासून सुरू होणारा आनुवंशिक आजार. २४ रोगी, आठवड्यातून एकदा अर्धा तास, सहा आठवडे. एका गटाला प्रवाह दिलाच नाही, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला जास्त. जास्त प्रवाहाच्या गटात दिसण्याचा आवाका थोडा वाढलेला आढळला. संशोधकांनी काम नेटके केले. पण २४ माणसांवरून, तेही दुसऱ्या आजारातल्या, तुमच्या बाबांच्या पीतबिंदूबद्दल काही ठरवता येत नाही. म्हाताऱ्यांच्या कोरड्या आजारावर पापण्यांवरून करंट देण्याचे जे अभ्यास झाले, ते लहान आहेत, आणि काहींमध्ये तर तुलनेचा गटच नव्हता. देखाव्याचा गट ठेवून अलीकडे काही चाचण्या सुरू झाल्या, ही चांगली गोष्ट आहे. परंतु 'चाचणी चालू आहे' याचा अर्थ 'अजून ठरलेले नाही' असा होतो. पत्रकवाला त्याचा अर्थ 'सिद्ध झाले' असा सांगतो. खोट नेमकी इथे आहे.

आता दिव्यासारख्या विजेची गोष्ट. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॅनियल पालांकर यांनी अनेक वर्षे खपून एक चकती तयार केली. प्रिमा तिचे नाव. ही दोन मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद, आणि केसापेक्षाही पातळ. शस्त्रक्रिया करून ती पडद्याखाली, जिथल्या पेशी मेल्या आहेत तिथे सरकवतात. रोगी एक खास चष्मा घालतो. चष्म्यावरचा बारीक कॅमेरा समोरचे दृश्य टिपतो आणि डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी ते चकतीवर टाकतो. चकतीवर ३७८ ठिपके आहेत. घराच्या छपरावर सौर पत्रा जसा उन्हाची वीज करतो, तसा प्रत्येक ठिपका त्या किरणांची वीज करतो आणि जवळच्या जिवंत पेशीला संदेश देतो. तार नाही, डोळ्यात बॅटरी नाही.

युरोपातील पाच देशांत १७ ठिकाणी ३८ वृद्धांवर ही चकती बसवण्यात आली. सगळे साठीच्या पुढचे, कोरड्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यातले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. वर्षभरानंतर ३२ जणांना तपासता आले. त्यांपैकी २६ जणांची नजर चष्मा घातल्यावर लक्षणीय सुधारली होती. घरी बसून अक्षरे, आकडे, शब्द वाचू लागलेलेही त्यांत पुष्कळ होते. इथे कोणी विचारील, की देखाव्याचा गट कुठे आहे? इथे तो नव्हता. पण चष्मा काढला की दृश्य जाते, घातला की येते. ज्याच्या नजरेचा मधला भाग मेलेला आहे तो अक्षर वाचतो, हा फरक सरावाने किंवा आशेने पडण्याइतका लहान नाही. फरक जेवढा लहान, तेवढी तुलनेची गरज मोठी, हे ध्यानात ठेवावे.

याच संशोधकांनी नुकसानही मोजून छापले. १९ जणांत मिळून २६ गंभीर त्रास उद्भवले. बहुतेक शस्त्रक्रियेनंतरच्या दोन महिन्यांतले होते आणि त्यांतले जवळजवळ सगळे निवळले. चकतीने मिळणारे दृश्य काळे-पांढरे, खडबडीत असते, आणि ते वाचायला महिनोन् महिने शिकावे लागते. पत्रकात कधी 'इतक्या जणांना त्रास झाला' असे वाचले आहे काय? जो उपचार आपले तोटे सांगत नाही, त्याचे फायदेही मोजलेले नसतात.

यापूर्वी अमेरिकेतच आर्गस नावाचे डोळ्यात बसवण्याचे विजेचे यंत्र निघाले होते. २०१३ साली त्याला सरकारी परवानगी मिळाली आणि जगभरात साडेतीनशेच्या आसपास अंधांनी ते बसवून घेतले. पुढे धंदा परवडेना, म्हणून कंपनीने ते बनवणे थांबवले. माणसांच्या डोळ्यात यंत्र राहिले आणि दुरुस्तीला कोणी उरले नाही. म्हणून 'यंत्र चालते का?' या प्रश्नानंतर 'दहा वर्षांनी ते कोण सांभाळणार?' हाही प्रश्न विचारावा.

चाचणी म्हटले की आपल्या माणसांच्या पोटात गोळा येतो. ती भीती उगीच नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात १९३२ पासून १९७२ पर्यंत, तब्बल चाळीस वर्षे, सरकारी आरोग्य खात्याने गरीब काळ्या बांधवांचा गरमीचा आजार नुसता पाहत ठेवला. त्यांना आजार सांगितला नाही, औषध निघाल्यावरही दिले नाही. त्या पापानंतर जगभर नियम कडक झाले. आज खऱ्या चाचणीत माणसाला त्याच्या भाषेत सर्व समजावून सांगावे लागते, सही-अंगठ्याने संमती घ्यावी लागते, आणि केव्हाही 'मी येत नाही' म्हणण्याचा त्याला हक्क असतो. तेव्हा चाचणीला भिऊ नका. चाचणीच्या नावाने थाटलेल्या दुकानाला भ्या.

अशा दुकानाची एक खरी हकिगत आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात २०१५ साली तीन वृद्ध स्त्रिया, ७२ ते ८८ वर्षांच्या, हाच पीतबिंदूचा आजार घेऊन एका दवाखान्यात गेल्या. पोटाच्या चरबीतून काढलेल्या मूळपेशी डोळ्यात टोचून नजर येईल, असे त्यांना सांगण्यात आले. या कामाची नोंद सरकारी यादीतही होती, त्यामुळे हे संशोधनच चालले आहे असा समज होणे सोपे होते. प्रत्येकीकडून पाच हजार डॉलर घेतले आणि एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचले. तिघींची होती तेवढी नजरही गेली. २०१७ साली डॉक्टरांनी ही हकिगत जाहीर केली, तेव्हा दोन खुणा स्पष्ट झाल्या. खऱ्या चाचणीत, ज्याची अजून पारख चालू आहे त्या उपचाराचे पैसे रोग्याकडून घेत नाहीत. आणि कोणताही शहाणा डॉक्टर नवा उपचार दोन्ही डोळ्यांवर एका दिवशी करीत नाही.

तर ताई, तुम्ही त्या पत्रकवाल्याकडे जा आणि शांतपणे पाच प्रश्न विचारा. पहिला, ही चाचणी आहे की सिद्ध उपचार? चाचणी असेल तर पैसे कशाचे? दुसरा, भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे, आणि २००९ च्या जूनपासून त्यात नोंद सक्तीची आहे, तर तुमचा नोंदणी क्रमांक काय? तिसरा, नीतिसमितीची मंजुरी कुठे आहे, आणि संमतीचा कागद मराठीत द्याल काय? चौथा, तुलनेचा गट कोणता, आणि नजर मोजणारा माणूस कोण? पाचवा, किती जणांना त्रास झाला, आणि बाबांना झाला तर जबाबदारी कोण घेणार? पाचही प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली, तर ती घेऊन आपल्या नेत्रतज्ज्ञांकडे जा. उत्तराऐवजी "आधी आगाऊ भरा, सवलत आजच्यापुरती आहे" असे ऐकू आले, तर आईच्या पाटल्या आईच्या हातातच राहू द्या.

मग बाबांसाठी काहीच करायचे नाही काय? पुष्कळ करायचे आहे. दर आठवड्याला एक डोळा झाकून दुसऱ्याने भिंतीवरच्या फरशीच्या रेघा किंवा मुलांची गणिताची चौकटीची वही पाहायला लावा. मग डोळा बदला. सरळ रेघ अचानक नागमोडी दिसली किंवा नवा डाग उमटला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. कोरडा आजार ओला झाला असेल, तर तेव्हा इंजेक्शनाने नजर वाचते. विडी-सिगारेट असेल तर आजच बंद. या आजारात टाळता येण्यासारखे सर्वांत मोठे कारण धूम्रपान आहे. जेवणात पालेभाजी असू द्या. जस्त आणि जीवनसत्त्वांच्या ठराविक गोळ्या मधल्या अवस्थेतल्या रोग्यांचा आजार पुढे जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे पाव हिश्शाने कमी करतात, असे २००१ सालच्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले आहे. पण त्या प्रत्येकाला लागू नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या. धूम्रपान करणाऱ्यांनी आणि पूर्वी केलेल्यांनी बीटा कॅरोटीन असलेली गोळी टाळावी. वाचताना डाव्या खांद्यावरून प्रखर दिवा, हातात चांगले भिंग, मोठ्या टायपाचे पुस्तक, आणि नजर किंचित बाजूला वळवून वाचण्याचा सराव. हे सारे मिळून काही हजारांत, कधी काही शेकड्यांत होते.

इतर वाचकांनी एक गोष्ट विसरू नये. आपल्या वस्तीत म्हातारपणी नजर गेलेल्या अनेकांना मोतीबिंदूच असतो. त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. मधुमेह आणि काचबिंदू हेही चोरपावलाने नजर नेतात. म्हणून "वय झाले" म्हणून गप्प बसू नका. आधी निदान करून घ्या, मग पुढचे.

आणखी एक. पत्रात तुम्ही लिहिले आहे, की शेजारच्या एका बाईंनी "मागच्या जन्मीचे भोग" असे म्हटले आणि बाबा रात्रभर झोपले नाहीत. बाबांना सांगा, मागच्या जन्माच्या कर्माने माणूस या जन्मी आंधळा, दरिद्री वा अस्पृश्य होतो, हा विचार परमपूज्य बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात खोडून काढला आहे. बाबांनी तो भाग विहारात किती वेळा वाचला असेल! पेशी मरणे हा निसर्ग आहे, दोष नव्हे. स्वतः बाबासाहेबांची नजरही अखेरच्या वर्षांत फार अधू झाली होती. मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरी काम थांबले नाही. त्यांचे सहायक नानकचंद रत्तू रात्री जागून टंकलेखन करीत आणि ग्रंथ पुरा होत गेला.

म्हणून आमची एक सूचना आहे. येत्या आषाढी पौर्णिमेला बाबांना मागच्या भिंतीपासून उठवून पुन्हा पुढे, ग्रंथाच्या शेजारी बसवा. वाचू दे नातीला. अर्थ बाबा सांगतील. वीस वर्षे वाचलेला ग्रंथ त्यांच्या डोळ्यांपुरता नव्हता, तो आता त्यांच्या जिभेवर आहे. नात अडखळली तर पुढचा शब्द ते न पाहता सांगतील. विजेच्या डब्याची पारख होईल तेव्हा होईल. खरा ठरला, तर आम्हीच या सदरात आनंदाने छापू. तोवर विहारातली त्यांची जागा रिकामी ठेवू नका.

बाबांना आमचा सविनय जयभीम कळवा. त्या पाच प्रश्नांना काय उत्तर मिळाले, तेही लिहा. नावे गाळून आम्ही ते इतर वाचकांसाठी छापू.

नमो बुद्धाय. जयभीम.